वंशावळीत न आलेली नावे

आपल्या समाजातील जुन्या घराण्यांनी वंशावळी मोठ्या निष्ठेने जपल्या आहेत. मूळ गाव कोकणातले की देशावरचे, कोणता पूर्वज कोणत्या सरदाराच्या पदरी माळव्यात उतरला, बडोद्यास गायकवाडांच्या चाकरीत प्रथम कोण आला, ग्वाल्हेरच्या लष्करात कोणाचा वाडा होता, हे सारे तपशील दोन-अडीचशे वर्षांपर्यंत मागे नेता येतात. तथापि या वंशावळी बारकाईने पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांत नावे आहेत ती वाढलेल्या मुलांची. जी मुले पाळण्यातच गेली त्यांचा उल्लेख बहुधा नाही. बारशाच्या आधी गेलेल्यांना तर नावच मिळाले नव्हते. घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे तर उत्तर येई, "आम्ही नऊ भावंडे, राहिलो चौघे." या वाक्यात फारसा शोकही नसे, कारण शेजारच्या घरातही हिशेब साधारण तोच असे.

ती पाच मुले कशाने गेली, या प्रश्नाचा विचार आपल्या इतिहासलेखनात फारसा झालेला नाही. लढाया, तह आणि दरबार यांच्या मानाने पाळण्याचा इतिहास क्षुल्लक मानला गेला. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील काही पाने उलगडण्याचा आमचा प्रयत्न आहे. ती चाळताना आम्हांस वारंवार असे आढळले की, आजाराचे लक्षण ओळखणारी नजर आपल्या घरांतील स्त्रियांकडे पुष्कळदा होती. त्यामागचे कारण मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते कारण आणि त्यावरचा साधा उपाय ज्या दिवशी आईच्या किंवा सुइणीच्या हाती पडला, त्या दिवसापासून मुले वाचू लागली.

पाचवीची रात्र

मूल जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईचे पूजन करण्याची चाल महाराष्ट्रातून निघालेल्या कुटुंबांनी जेथे गेली तेथे बरोबर नेली. पाटा-वरवंटा मांडावा, कोरा कागद आणि लेखणी ठेवावी, रात्रभर दिवा तेवत ठेवून घरातल्या बायकांनी जागावे, असा तो विधी. सटवाई बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते ही श्रद्धा त्यामागे आहेच. परंतु त्या रात्री बाळाला धोका असतो, डोळ्यांत तेल घालून त्याची राखण केली पाहिजे, ही भीतीही आहे. ही भीती निराधार नव्हती. नवजात अर्भकाचा धनुर्वात साधारणपणे जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान प्रकट होतो. पहिले दोन दिवस चांगले अंगावर पिणारे बाळ एकाएकी पिणे सोडते, त्याचा जबडा आवळतो, आवाजाने किंवा स्पर्शाने अंग धनुष्यासारखे ताठते आणि बहुधा ते दगावते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने स्त्रियांनी धोक्याची वेळ अचूक हेरली होती, असे आम्हांस वाटते.

चुकले ते कारण. धनुर्वाताच्या जंतूंचे बीज मातीत आणि जनावरांच्या शेणात असते. नाळ कापण्यास घेतलेला विळा, ती बांधण्यास घेतलेला हाताशी असेल तो दोरा, आणि कापलेल्या नाळेवर लावलेली राख किंवा शेण या वाटेने ते बाळाच्या शरीरात शिरत असे. म्हणजे सटवाईच्या रात्री ज्या संकटावर पहारा ठेवला जाई, ते पाच दिवसांपूर्वीच घरात येऊन गेलेले असे. बाळंतिणीची खोली घरातली सर्वांत अंधारी आणि कोंदट असावी हा सोवळ्याओवळ्याचा दंडकही त्याला साहाय्यकच ठरला.

या काळोखाविरुद्ध मराठी स्त्रीने दिलेला पहिला मोठा लढा आपणांस परिचित आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसच जगला. स्त्रियांना उपचार देणारी स्त्री-डॉक्टर असली पाहिजे, हा त्यांचा निश्चय त्या दुःखातून झाला असे त्यांच्या चरित्रांवरून दिसते. १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हाच होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षापूर्वीच, पुण्यात त्यांचे क्षयाने निधन झाले. जे काम त्यांना करता आले नाही ते पुढे डॉ. रखमाबाई यांनी सुरत आणि राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत कित्येक वर्षे केले. गुजरातेतील मराठी कुटुंबांना हे नाव विशेष जवळचे वाटावे. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यास उभ्या राहिलेल्या सेवासदनाने परिचारिका आणि सुइणींच्या शिक्षणाला वाट करून दिली.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे दोन निर्णय येथे नमूद करणे उचित होईल. १९०४ साली त्यांनी बालविवाह प्रतिबंधक कायदा केला आणि १९०६ साली मुलींसह सर्वांसाठी सक्तीचे प्राथमिक शिक्षण संपूर्ण राज्यात लागू केले. हे कायदे आरोग्याचे म्हणून ओळखले जात नाहीत. तथापि कोवळ्या वयातील मातृत्व टळले आणि आई अक्षरओळख झालेली असली तर मूल जगण्याची शक्यता वाढते, हे आता जगभर मान्य झाले आहे.

धनुर्वातावरचा उपाय अखेरीस दोन साध्या गोष्टींतून आला. गर्भवतीला लस द्यावी म्हणजे संरक्षण बाळापर्यंत पोहोचते. आणि बाळंतपणात हात, जागा, पाते, दोरा आणि नाळ ही पाचही स्वच्छ असावीत, नाळेवर काहीही लावू नये. ही 'पाच स्वच्छता' सुइणींनी आणि आरोग्यसेविकांनी गावोगाव नेली. २०१५ साली भारतातून माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. जंतूंचे बीज मातीतून नाहीसे होत नसल्यामुळे ही दक्षता मात्र कायमची ठेवावी लागणार आहे.

देवी आणि तिची धाकटी बहीण

देवीचा रोग तर सर्वांच्या तोंडावर लिहिलेला असे. लस न टोचलेल्या दहा रुग्णांपैकी सुमारे तीन दगावत; वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर वण राहत आणि काहींचे डोळे जात. तिची पूजा आपण जेथे गेलो तेथील पंचांगाप्रमाणे बदलली. महाराष्ट्रात शीतला सप्तमी श्रावण शुद्धात येते, गुजरातेत 'शीतळा सातम' श्रावण वद्यात, तर माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे होळीनंतरच्या वद्य पक्षात. त्या दिवशी चूल पेटवायची नाही आणि शिळे, थंड अन्न खायचे, हा भाग सर्वत्र सारखा. घरात देवी आल्यावर दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधणे, परक्या माणसाला आत येऊ न देणे, रुग्णाला मऊ व थंड आहार देणे या चालींना आज आपण विलगीकरण आणि शुश्रूषा अशी नावे देऊ. त्यांत शहाणपण होते. मात्र रोग थांबवण्याचे सामर्थ्य त्यांत नव्हते.

ते सामर्थ्य आले गाईच्या देवीतून. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली इंग्लंडात पहिला प्रयोग केला. ही लस हिंदुस्थानात आणणे सोपे नव्हते, कारण दीर्घ प्रवासात ती उष्णतेने निकामी होई. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा मजला करीत ती समुद्रमार्गे मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईतील ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचल्यावर प्रथमच यशस्वी झाली. हिंदुस्थानात देवीची लस लाभलेली ही पहिली व्यक्ती होय. तिच्या दंडावरील फोडातील द्रव घेऊन मुंबईतील आणखी पाच मुलांना टोचण्यात आले आणि अशा रीतीने एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जात ती लस पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरत गेली. आज आपल्यापैकी अनेकांची वस्ती असलेल्या शहरांपर्यंत हे संरक्षण मुलांच्या दंडांवरूनच चालत आले.

दंडावरून दंडावर नेण्याच्या पद्धतीत अडचणी होत्या. फोड उकलताना मूल रडे, आई-बाप नाखूश असत, आणि कोणाच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या अंगात जातो याची शंका असे. दुसरे रोगही त्या वाटेने पसरण्याचा धोका होताच. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत आली. मुंबई इलाख्यासाठी अशी लस तयार करणारी संस्था बेळगावास होती. टिळकवाडीतील 'व्हॅक्सिन डेपो'चे मैदान बेळगावकरांना क्रिकेटसाठी आणि सभांसाठी ठाऊक आहे. त्या नावाच्या पोटात हा इतिहास दडलेला आहे. १८८० च्या लसीकरण कायद्याने निवडक भागांत टोचणी सक्तीची केली. तरीही देवीचे निर्मूलन होण्यास पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसाममधील करीमगंज येथे आढळला, १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला आणि ८ मे १९८० रोजी साऱ्या जगातून हा रोग गेल्याची घोषणा झाली. त्यापूर्वी जन्मलेल्या आपल्या पिढीच्या दंडावरचा टोचणीचा गोल वण हे त्या मोहिमेचे मोडी लिपीइतकेच दुर्मीळ होत चाललेले अक्षर आहे.

देवी गेली तरी गोवर राहिला. जुन्या बायका त्याला देवीची धाकटी बहीण मानत आणि 'तो बाहेर पडू द्यावा' म्हणत औषध देण्याचे टाळीत. पुरळ उठणे हे गोवराचे सर्वांत कमी धोक्याचे अंग आहे. खरा धोका पुढच्या दिवसांत येणाऱ्या न्यूमोनियाचा, हगवणीचा आणि दृष्टी जाण्याचा. म्हणूनच गोवर झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याने 'अ' जीवनसत्त्वाच्या मात्रा देतात आणि त्याचे खाणे-पिणे बंद करू देत नाहीत. लसीची एक मात्रा नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. दुसरी मात्रा राहून जाते ती बहुधा दुर्लक्षाने.

खोल गेलेली टाळू

बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा, म्हणजे टाळू, ही आपल्या बालसंगोपनातील मोठी महत्त्वाची खूण. न्हाऊ घालताना टाळू तेलाने भरायची, थंडीत टोपडे घालून ती झाकायची. हगवण लागलेल्या बाळाची टाळू खोल गेली की अनुभवी स्त्रीच्या चेहऱ्यावर चिंता उमटे. तिचे निरीक्षण अगदी बरोबर होते. शरीरातील पाणी आणि क्षार कमी झाल्याची जी चिन्हे आजचे बालरोगतज्ज्ञ शोधतात, त्यांत खोल गेलेली टाळू, खोल गेलेले डोळे, अश्रूंवाचून रडणे आणि चिमटीत धरून सोडलेली पोटावरची कातडी हळूहळू पूर्ववत होणे यांचा समावेश आहे. परंतु टाळू खोल गेल्यामुळे हगवण लागली असा उलटा संबंध जोडला गेला, आणि उपाय म्हणून टाळूवर आणखी तेल घालण्यात किंवा तोंडात बोट घालून ती 'वर उचलण्यात' वेळ गेला. त्याहून अनर्थकारक समजूत अशी की, पोट बिघडले असता पाणी तोडावे. पाण्यावाचून मरणाऱ्या मुलाचे पाणी बंद होई. हगवण दात येण्यामुळे लागते, हा समज तर अजूनही आपल्या घरांत ऐकू येतो.

या बाबतीत मोठे परिवर्तन घडले ते १९७१ साली. पूर्व बंगालमधून आलेल्या लक्षावधी निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे रुग्णांची रांग होती आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. साखर आणि क्षार यांचे योग्य प्रमाणातील पाणी तोंडाने दिल्यास आतडे ते शोषून घेते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले होते. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यातून आत जाते आणि त्याच्यामागे पाणी जाते. महालनबीसांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिंपांत तयार करवले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून शेकडा चारच्याही खाली आले. २०२२ साली त्यांचे निधन झाले आणि दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

मराठीत आपण याला 'जलसंजीवनी' असे सार्थ नाव दिले आहे. औषधी दुकानातील पुडी त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये, कारण द्रावण दाट झाले तर अपायच होतो. पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घालून ते चमच्याचमच्याने पाजावे. आईचे दूध थांबवू नये. डॉक्टर त्याच्या जोडीला चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या देतात, त्यांनी आजाराची तीव्रता कमी होते. शौचातून रक्त पडत असेल, मूल काहीही पोटात ठेवू शकत नसेल, किंवा ते सुस्त पडले असेल तर घरगुती उपायात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

मण्यांवर मोजलेला श्वास

ताप-खोकल्याच्या बाबतीतही हीच कथा आहे. मुलाला धाप लागली आहे, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो आहे, पोट उडते आहे, हे खेड्यातल्या आईला दिसे. ते पोटाचे दुखणे समजून पोटावर बिब्ब्याचे किंवा तापल्या सळईचे डाग देण्याची क्रूर पद्धत अनेक भागांत होती. आजही मेळघाटासारख्या प्रदेशातून अशा बातम्या येतात. दुखणे असते फुप्फुसाचे, आणि नाव न्यूमोनिया.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था स्थापन केली. तेथील बहुसंख्य सुइणींना साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते. त्यांच्यासाठी एक साधे उपकरण तयार झाले: एका मिनिटाची वाळूघडी आणि सरकणारे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. निरक्षर बाईच्या हाती निदानाचे साधन आले. गावपातळीवरील या उपचाराने मृत्यू कमी होतात, हे १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९९९ च्या त्यांच्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यदूतीने घरी जाऊन घेतलेल्या काळजीमुळे नवजात अर्भकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. २०११ पासून ही पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या द्वारे देशभर नेण्यात आली.

हे मोजमाप कोणत्याही घरात करता येते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची वर-खाली होणारी हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसण्याचीही गरज नाही, तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

घरातले विष

रोगजंतू बाहेरून येतात. काही संकटे मात्र आपणच घरात सांभाळून ठेवतो. माळव्यातील मराठी घरांना अफूचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एकोणिसाव्या शतकात इंदूर, उज्जैन, रतलाम येथील व्यापाराची भरभराट तिच्यावर झाली आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला गेली. तीच अफू रडणाऱ्या मुलाला निजवण्यासाठी सर्रास दिली जाई. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या स्त्रिया पाळी सुरू होण्यापूर्वी मुलाला 'बाळागोळी' देत. १९२० च्या दशकात या कामगार स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा ही गोळी बहुतेक बालकांना मिळत असल्याचे आढळले. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. दहा तास मूल कोणापाशी ठेवायचे, याचे उत्तर त्यांना कोणी दिले नव्हते. अफूने मूल झोपते, दूध मागत नाही, हळूहळू सुकते. आणि मात्रा किंचित वाढली तर श्वासच थांबतो.

हा इतिहास संपलेला नाही, केवळ बाटली बदलली आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्याने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना सहसा देऊ नयेत, असा सल्ला केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्या वेळी दिला. बहुतेक साधी सर्दी औषधावाचून बरी होते. मोठ्यांची उरलेली बाटली मापाच्या अंदाजाने लहानांना पाजणे हा घराघरांतील प्रकार थांबला पाहिजे.

आपल्या प्रिय बाळगुटीविषयीही दोन शब्द. सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, वावडिंग यांचे वळसे उगाळण्याची परंपरा आम्हांसही प्रिय आहे. तथापि न उकळलेले पाणी आणि वर्षभर वापरलेली तीच कुडी यांतून जंतू बाळाच्या पोटात जातात. जायफळाने मूल गाढ झोपते हा गुण मानला जातो. ती गुंगी आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये आणि वर्षाच्या आत मध चाटवू नये, असे आजचे शास्त्र सांगते. घरी पाडलेल्या काजळात शिसे नसले तरी बोटाचा मळ डोळ्यात जातो, आणि बाजारातील सुरम्यात पुष्कळदा शिसे असते. तीट लावण्याची हौस गालावर नव्हे, तळपायावर भागवावी.

जुन्या वाड्यांत उघडी विहीर, न्हाणीघरातील तापलेला बंब आणि शीतपेयाच्या बाटलीत भरलेले रॉकेल ही भीतीची ठिकाणे होती. आजच्या सदनिकेत त्यांची जागा पाण्याने भरलेली बादली, कठडा नसलेली खिडकी, खेळण्यातील नाण्याच्या आकाराची बॅटरी आणि आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा यांनी घेतली आहे. रांगणारे मूल चार-सहा इंच पाण्यातही बुडू शकते. बॅटरी गिळल्यास काही तासांत अन्ननलिका जळते. उलटी करवण्याच्या खटपटीत न पडता तत्काळ रुग्णालयात नेणे, हाच त्यावर उपाय.

विस्मरणाचा धोका

१९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ एक वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूने झालेला एकही रुग्ण आढळला नाही, आणि २०१४ साली त्याचे प्रमाणपत्रही मिळाले. आपल्या नातवंडांच्या शाळेत कॅलिपर लावून चालणारे मूल दिसत नाही. त्याचा परिणाम असा झाला आहे की, ज्या पिढीने हे रोग पाहिलेच नाहीत तिला लस ही अनावश्यक कटकट वाटू लागली आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली आणि त्यात बालके मृत्युमुखी पडली. लस उपलब्ध होती, फुकट होती. ती सर्व मुलांपर्यंत पोहोचली नव्हती. देवीच्या काळी लोकांना रोगाचे भय होते आणि लसीचा भरवसा नव्हता. आज दोन्हींकडे दुर्लक्ष आहे, आणि आमच्या मते ते अधिक चिंताजनक आहे.

आपल्या कुटुंबांची स्थिती यात आणखी नाजूक आहे. इंदूर-बडोद्याची मुले-मुली पुणे, बंगळूर किंवा परदेशी संसार थाटतात. तेथील तरुण आईजवळ बाळाची टाळू पाहणारी, श्वासाकडे लक्ष ठेवणारी अनुभवी नजर नसते. ती दूरध्वनीवरून आजीला विचारते, आणि आजीला आठवते ती जायफळाची गुटी. या संवादात आजीचे निरीक्षण आणि आजचे कारणज्ञान एकत्र आले पाहिजे. "बाळ पीत आहे का? हाक मारल्यावर बघते का? श्वास मोजलास का? लघवी शेवटची कधी झाली? टाळू कशी आहे?" हे पाच प्रश्न आजीने विचारावेत, आणि उत्तर चिंताजनक आल्यास गुटी न सुचवता डॉक्टरांकडे धाडावे. झटका येणे, पिणे पूर्णपणे सोडणे, सतत उलट्या होणे किंवा मूल न जागणे यांपैकी एकही चिन्ह दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

आणखी एक विनंती आमच्या वाचकांस करावीशी वाटते. आपल्या घरातील ज्येष्ठ स्त्रिया हयात आहेत तोवर, त्यांच्या आईची किती मुले झाली, किती गेली, कोणत्या वयात आणि कोणत्या लक्षणांनी गेली, हे विचारून लिहून ठेवावे. नाव नसेल तर 'मुलगी, सात दिवसांची, दूध सोडले' एवढे लिहिले तरी पुरे. आपल्या समाजाच्या इतिहासाला त्या नोंदींचे मोल सरदारांच्या सनदांहून कमी नाही. आणि ती नोंद वाचलेली सून लसीची तारीख सहसा चुकवणार नाही.